ऐकलं तर उठ मग

लहानपणी दिवेलागणीला आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अगं ऐकतेस ना? गिरणीतून दळण घेऊन ये." मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचे, "ऐकलं गं!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "ऐकलं तर उठ मग."

पुढे मोठेपणी हिब्रू शिकायला बसले, तेव्हा 'शामा' हे क्रियापद भेटलं आणि थेट आईचा आवाज कानात घुमला. शिन, मेम, आयिन ही तीन अक्षरं. बायबलच्या जुन्या करारात हे क्रियापद अकराशेहून जास्त वेळा येतं. कानावर पडणं, लक्ष देणं, समजणं, एखाद्याचं म्हणणं मनावर घेणं आणि सांगितलेलं करणं, हे सगळं त्या एकाच शब्दात मावतं. बाबेलच्या बुरुजाच्या गोष्टीत देव माणसांच्या भाषेचा गोंधळ करतो, कशासाठी, तर एकाचं बोलणं दुसऱ्याने 'ऐकू' नये म्हणून. म्हणजे समजू नये म्हणून. मिसरात अधिकारी झालेल्या योसेफासमोर त्याला न ओळखलेले त्याचे भाऊ आपापसात बोलत राहतात, कारण मध्ये दुभाष्या असतो आणि योसेफ 'ऐकतो आहे' हे त्यांना ठाऊक नसतं. तिथेही तेच क्रियापद. आणि नुसता हुकूम मानण्यासाठी बायबलच्या हिब्रूत वेगळा शब्द नाही, तिथेही शामाच. आजच्या हिब्रूत त्यासाठी 'त्सियेत' वापरतात, पण तोही अरामीतून आलेला, आणि तिकडे त्याचाही अर्थ कान देणं असाच.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. "मुलगा माझं ऐकत नाही" असं आई म्हणते तेव्हा त्याच्या कानांविषयी कुणी शंका घेत नाही. आपल्याकडे शुश्रूषा शब्द आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागवणाऱ्या माणसापर्यंत तो शब्द येऊन पोचला. ऐकण्यापासून सेवेपर्यंत, एका धातूच्या जोरावर.

म्हणूनच आपल्या बायबलात 'हे इस्राएला, श्रवण कर' वाचलं की मला चुकल्यासारखं होतं. श्रवण प्रवचनाला बसून करतात. मूळ हिब्रूतलं 'शेमा यिस्राएल', म्हणजे यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेची पहिली ओळ, ही हाक आहे, आणि 'शेमा' हे शामाचंच आज्ञार्थी रूप. तिथे मला साधं, उंबऱ्यावरून मारलेलं 'ऐक' हवं आहे. तोराहच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळीत या ओळीतल्या पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मोठं लिहितात. आयिन आणि दालेत. दोन्ही जोडली की 'एद' होतं, म्हणजे साक्षीदार. ऐकणारा साक्षीदार होतो, असं त्यावरून सांगतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचंच, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचंच पाहा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून आपले पूर्वज आले, असं ते सांगत आले. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. ग्रंथ राहिले नाहीत, पण ही ओळ राहिली. सुंता असो, लग्न असो, मरण असो, शेमा म्हणायचा. मुंबईत 1796 साली त्यांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या एका बाईला सगळ्यांदेखत सांगितलं गेलं, 'यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे.' परत जा, नवऱ्याच्या आज्ञेत राहा. ती मान खाली घालून बसली होती. मी गप्प राहिले. ते आजही सलतं.

ते वचन बायबलातल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातलं, 15व्या अध्यायातलं, आणि त्यातलं 'आज्ञा पाळणे' म्हणजे मुळात शामाच. तो अध्याय हिब्रूत वाचा. सुरुवातीलाच शमुवेल संदेष्टा शौल राजाला सांगतो, देवाचे शब्द ऐक. अमालेकी शत्रूंच्या लुटीतलं काही ठेवू नकोस. शौल चांगली चांगली जनावरं ठेवून घेतो आणि वर म्हणतो, मी देवाचं सांगणं पुरं केलं. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानांवर येतंय ते मेंढरांचं बें बें कसलं? मी ऐकतोय ते गुरांचं हंबरणं कसलं? पुन्हा शामा. आणि शेवटी शौल कबूल करतो, मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. पुन्हा शामा. म्हणजे बोल लावलाय तो सत्ता हातात असलेल्या राजाला. कुणाचं ऐकायचं हे चुकलं म्हणून. मार खाल्लेल्या बाईला गप्प करायला ते वचन वापरणं हा त्या वचनावरच अन्याय आहे.

आणि ऐकण्याची सक्ती एकट्या बाईवर आहे कुठे? बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात, देव अब्राहामाला सांगतो, तुझी बायको सारा जे जे सांगेल ते ऐक. क्रियापद तेच. लग्नाच्या उपदेशात हे वाक्य मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

शिवाय या क्रियापदाचा कर्ता कितीतरी वेळा देव स्वतः आहे. याकोबाची नावडती बायको लेआ मुलाचं नाव शिमोन ठेवते, कारण देवाने ऐकलं. सारेच्या जाचाला कंटाळून रानात पळालेल्या तिच्या गरोदर दासीला, हागारेला, देवदूत सांगतो, मुलाचं नाव इश्माएल ठेव, कारण परमेश्वराने तुझं दुःख ऐकलंय. इश्माएल म्हणजे देव ऐकतो. एका मिसरी दासीच्या पोटातल्या मुलाला हे नाव मिळालं. तिलाही तेव्हा परत जायला सांगितलं होतं, आणि ती ओळ मला आजही जड जाते. ती लपवून पुढे जाता येत नाही.

पण 21व्या अध्यायात हागार पुन्हा रानात आहे, या वेळी घालवून दिलेली. मसकातलं पाणी संपलंय. पोराला झुडपाखाली टाकून ती बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला पाहवत नाही. रडते ती. पोराच्या रडण्याचा आधी उल्लेखही नाही. आणि तरी पुढचं वाक्य येतं, देवाने मुलाचा आवाज ऐकला. त्या अख्ख्या अध्यायात इश्माएल हे नाव एकदाही लिहिलेलं नाही. सगळे त्याला दासीचा मुलगा, पोरगा असंच म्हणतात. फक्त या वाक्यात, 'वय्यिश्मा एलोहीम', त्याचं नाव फोडून ठेवलेलं आहे.

त्या सभेत हे वाक्य मला येत होतं.