किती मेगापिक्सेल हवेत, साहेब?

घराच्या राखणीसाठी सीसीटीव्ही कॅमेरा घ्यायचा म्हटलं की दुकानदार आधी मेगापिक्सेलच सांगतो. दोन, पाच, आठ! जणू मी लग्नाचे फोटो काढणार आहे. अहो, माझं घर फोंड्याला, फाटक बाल्कांवपासून, म्हणजे दारापुढच्या ओसरीपासून, पन्नास पावलांवर. 2.8 मिमीची लेन्स अख्खं अंगण दाखवते, माड, तुळस, शेजाऱ्यांची मांजरसुद्धा. फाटकाशी उभा माणूस मात्र तांदळाच्या दाण्याएवढा. तिथे लांबचं जवळ दाखवणारी 6 मिमीची लागते, हे मला दोन कॅमेरे बदलल्यावर कळलं.

आणि पावसाचं काय? जून लागला की चार महिने नुसता धो धो. "खोक्यावर आयपी66 लिहिलंय ना, म्हणजे धूळ-पाणी आत शिरत नाही, मग झालं," दुकानदार म्हणे. कॅमेरा आतून कोरडाच राहिला हो, पाणी शिरलं ते मागे लोंबणाऱ्या केबलच्या जोडात! तो जोड डबीत बंद करायचा असतो, हे बसवायला आलेल्या पोराच्या गावीही नव्हतं.

रात्रीची गंमत तर विचारूच नका. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेडच्या, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या, उजेडात लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं पांढरंशुभ्र चमकतं, वाऱ्याने हललं की कॅमेऱ्याला वाटतं कुणी आलं, आणि मोबाइलचा ठणाणा. पहाटे दोनला धडपडत उठून बघावं, तर कोळी! आई कूस बदलत म्हणते, "त्यापेक्षा एक कुत्रा पाळला असतास."

बरं, वीज गेली की राउटर बंद. मग तो कोळीही दिसत नाही.