उलटे आटे

आमचा मिक्सर बिघडलेला नव्हता. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, कारण नंतर घरात जी चौकशी बसली तिच्यात हाच मुद्दा फिरून फिरून येत होता.

"चालू होता ना तो?"
"होता."
"सकाळीच मी दाण्याचं कूट केलं ना त्यात?"
"केलंस."
"मग?"

या 'मग'चं उत्तर देताना मी सव्वीस वर्षं बँकेत काम केलेला माणूस आहे, हे समोरच्याला पटत नाही.

झालं ते असं. शनिवारी दुपारी बायको भिशीला गेली होती. रात्री इडल्यांचा बेत होता. पीठ सकाळपासून ओट्यावर झाकून ठेवलेलं होतं आणि चांगलं फुगलंही होतं. मी चहा करायला उठलो, आधण ठेवलं, आणि पाणी उकळेपर्यंत करायला काही नव्हतं म्हणून मिक्सर उचलून त्याचं बूड बघितलं. खाली लेबल होतं. 230 व्होल्ट, 750 वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट, हे शाळेत पाठ केलेलं अजून डोक्यात आहे (दुधाचा हिशेब राहत नाही, हे राहतं). म्हणजे निदान कागदावर तरी आमच्या ओट्यावर, तेलाची बरणी आणि साखरेचा डबा यांच्या मधोमध, गेली चौदा वर्षं एक अख्खा घोडा उभा होता. आणि त्याच्या पोटात काय आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

चहा राहिला बाजूला.

आधी प्लग काढला. तो काढलाय हे दिवाणखान्यात जाऊन आईलाही दाखवलं. तिने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बिघडलाय का?" मी म्हटलं, "नाही, बघतोय नुसता." आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी असाच रेडिओ नुसता बघितला होता." त्या रेडिओचं पुढे काय झालं ते आम्हा दोघांनाही माहीत असल्यामुळे विषय तिथेच संपला.

तरी माझ्या बाजूने एक भक्कम दाखला होता. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला. आपल्याकडच्या वाटणाघाटणापुढे त्या मोटारीचा टिकाव लागला नव्हता. मग आपल्या स्वयंपाकघराला झेपेल असा मिक्सर त्यांनी स्वतःच घडवला. तोच पुढे घराघरांत पोचलेला सुमीत. हा दाखला मी नंतर बायकोला दिला. ती म्हणाली, "त्यांचा बंद पडला होता."

असो. बुडाला रबराचे चार बूट आणि आत खोल विहिरीत चार स्क्रू. घरातला एक स्क्रू ड्रायव्हर तळापर्यंत पोचेना, दुसरा पोचला पण त्याचं तोंड बोथट. अखेर टेस्टरने काम झालं. स्क्रू हरवू नयेत म्हणून हाताशी जे झाकण आलं त्यात ठेवले. ते इडलीच्या पिठाच्या पातेल्यावरचं झाकण होतं. एवढी एक गोष्ट लक्षात असू द्या.

बूड निघालं आणि आतून आमच्या घराचा चौदा वर्षांचा इतिहास बाहेर आला. सगळ्यात वर दाण्याच्या कुटाचा तपकिरी थर. त्याखाली हळद. त्याखाली काहीतरी काळं आणि चिकट, वास घेतल्यावर ते ओल्या नारळाचं असावं असं वाटलं. एक मोहरी. दोन मेथीदाणे. एक झुरळ, पाय वर करून, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतलं. मोटारीच्या खालच्या टोकाला एक पंखा असतो, तो खालून हवा ओढून मोटार गार ठेवतो. चौदा वर्षं त्याने हवेबरोबर आमचा ओटाही इमानाने आत ओढला होता.

खाली ते लाल बटणही दिसलं. भार फार झाला की ते आपोआप उडतं आणि मोटार जळायची वाचते. हा मला फार मोठा शोध वाटला. बायकोला नंतर सांगितला तर म्हणाली, "आंबोळ्यांचं भिजवलेलं वाटताना दर वेळी दाबते मी ते. तुम्हाला काय वाटलं, मिक्सर आपणहून चालू होतो?"

आता मोटार बाहेर काढायची, तर आधी वरचं कपलर निघायला हवं. कपलर म्हणजे जार ज्यावर बसतो ते दातेरी चाक. खालून पंखा फडक्याने धरला, वरून कपलर पक्कडीत धरलं आणि डावीकडे पिळायला लागलो. कुठलाही आटा डावीकडे सुटतो, बाटलीच्या बुचापासून पाण्याच्या नळापर्यंत. हे सुटेना. जोर वाढवला. कपलरचा एक दात किंचित झिजला, माझे सगळे शाबूत राहिले हे विशेष. पाऊण तास गेला. घामाने बनियन भिजलं. शेवटी आई काठी टेकत आली, दारात उभी राहून तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "उलट फिरवून बघ की. तुझे बाबा सायकलचं डावं पायडल उलटंच फिरवून काढायचे."

उजवीकडे फिरवलं. एका झटक्यात निघालं. म्हणजे पाऊण तास मी ते जीव तोडून घट्ट करत होतो.

उलटे आटे मुद्दाम केलेले असतात. मिक्सरची मोटार वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते. वाटण जड असतं, ते कपलरला मागे खेचतं. साधे आटे असते तर चटणी होता होता कपलर सुटून आलं असतं. उलटे असल्यामुळे जेवढं वाटण दाट, तेवढं ते आणखी घट्ट बसतं. सायकलच्या डाव्या पायडलचे आटेही याच घराण्यातले, चालता चालता सुटू नये म्हणून उलटे घातलेले. बाबांना हे माहीत होतं. आईला बाबांमुळे माहीत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कॉमर्सला गेलो.

मोटार बाहेर आली आणि मी खरंच हरखून गेलो. बाहेर तांब्याच्या तारेच्या दोन जाड गुंडाळ्या, फील्ड कॉइल. मध्ये आर्मेचर, तेच फिरतं. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं नळकांडं, आणि त्याला दोन्ही बाजूंनी टेकलेले कार्बनचे दोन चौकोनी तुकडे. यांच्यातूनच वीज फिरत्या आर्मेचरमध्ये जाते. मिक्सरच्या जाळीतून निळ्या ठिणग्या दिसतात त्या इथल्या. एक कार्बन जरा जवळून बघावा म्हणून टोपण काढलं, तर मागच्या स्प्रिंगने तो टुणकन उडाला आणि फ्रिजखाली गेला. नवीन कार्बन मिळाला असता म्हणा, पण त्यासाठी शनिवारी संध्याकाळी कोथरूडहून तपकीर गल्लीत जायचं. त्यापेक्षा मी फरशीवर पालथा पडून फूटपट्टीने फ्रिजखालचा मुलूख विंचरला. कार्बन मिळाला. शिवाय एक लसणाची पाकळी, दोन रुपयांचं नाणं आणि लेकीची शाळेत असतानाची पेन्सिल मिळाली. लेक आता नोकरी करते.

एक कोडं मात्र सुटेना. घरातली वीज एका सेकंदात 100 वेळा दिशा बदलते. मग मोटार दर वेळी थबकून उलटी का फिरत नाही? उत्तर समोरच होतं. एकच प्रवाह बाहेरच्या कॉइलमधून जातो आणि तोच आतल्या आर्मेचरमधूनही जातो. दिशा बदलली की दोघांचीही एकदम बदलते, आणि उणे गुणिले उणे अधिक. म्हणजे संसारासारखंच. दोघंही एकाच वेळी तिरके झाले तर भांडण एवढं जोरात होतं की बाहेरच्याला वाटावं कामं झपाट्याने चालली आहेत, आणि खरोखर चाललेलीच असतात. एकाचंच डोकं फिरलं, की गाडी उलटी. या मोटारीला युनिव्हर्सल म्हणतात, कारण ती एसीवरही चालते आणि डीसीवरही. आमचं लग्न अजून एवढं युनिव्हर्सल झालेलं नाही.

सगळं टूथब्रशने घासून पुसून जोडायला घेतलं. तारा सोडण्यापूर्वी मी मोबाइलवर फोटो काढले होते, अकरा. त्यांतल्या सातांत माझा अंगठा होता, तिनांत फ्लॅशचा झगझगाट, आणि एक फोटो आईचा होता, तो मात्र छान आला होता. कार्बनकडे जाणाऱ्या दोन्ही तारा काळ्या. दोन जागा, दोन तारा. बँकेत दोन सह्या असतात तेव्हा कुठली आधी याने काही फरक पडत नाही. त्याच हिशेबाने त्या बसवल्या.

पावणेसातला मिक्सर पूर्ववत उभा राहिला. एकही स्क्रू उरला नव्हता. आईला बोलावलं. जार न लावता प्लग घातला आणि बटण एकवर नेलं.

घर्र झालं. आईने मान डोलावली. तेवढ्यात कपलर शाफ्टवरून सुटलं, भिंगरीसारखं हवेत उठलं, एक्झॉस्ट फॅनच्या जाळीवर टण्णकन आपटलं आणि खाली आलं. खाली इडलीचं पीठ होतं. त्याचं झाकण स्क्रूंसाठी घेतलेलं. पीठ छान फुगलेलं असल्यामुळे आवाज अगदी मऊ झाला.

बायको दारात उभी होती. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. पण कपलर उडालं त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता, आणि तो मला आवरेना. मी म्हटलं, "अगं, उलटी फिरतेय ती! उलट्या आट्यांचं कपलर सुटलं, म्हणजे मोटार उलटी फिरली. कार्बनच्या तारांची अदलाबदल झालीय. कॉइलची दिशा तीच राहिली, आर्मेचरची तेवढी बदलली. काही बिघडलेलं नाहीये. दोघांपैकी एकाचीच दिशा बदलली की झालं!"

तिने पर्स टेबलावर ठेवली. पातेल्यात डोकावली. दोन बोटांनी कपलर बाहेर काढलं, त्यावरून ओघळणाऱ्या पिठाकडे बघितलं आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं.

"दोघांपैकी एकाचीच ना?" ती म्हणाली. "मग तुमची बदला. दार तिकडे आहे. कोपऱ्यावरच्या उडप्याकडून चार प्लेट इडली आणा. आणि चटणी जास्त मागा, आईंना लागते."

"त्याला सांग, चटणी फार पातळ नको," आई म्हणाली.

उडप्याकडे शनिवारची गर्दी. पार्सलसाठी पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. मी काउंटरला टेकून उभा होतो तर आतून आवाज आला, आमच्यापेक्षा कितीतरी भरदार, एका लयीतला. मान वाकडी करून पाहिलं. स्टीलचं मोठं धूड, आणि त्यात खोबरं गरगरत होतं. काट्यांच्या दिशेनेच फिरत होतं, ते मी नीट बघून घेतलं.

गल्ल्यावरच्या माणसाने पार्सलची पिशवी पुढे सरकवली.

"अण्णा," मी म्हटलं, "आतला तो मिक्सर किती वॅटचा आहे हो?"