भांडण नाही, म्हणून धडाही नको?

"आपल्या धर्माचं आणि डार्विनचं भांडणच नाही. तो तुमच्या अमेरिकेचा प्रॉब्लेम." घरच्यांशी फोनवर बोलताना हे वाक्य हमखास येतं. पाठोपाठ दशावतार येतात: आधी मत्स्य, मग कूर्म, मग वराह, म्हणजे उत्क्रांती आपल्याला आधीच ठाऊक होती! माझं डोकं फिरतं. भांडण नव्हतं, तर २०२३ मध्ये सीबीएसई शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली कशी? 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचा नुसता 'आनुवंशिकता' झाला. कारण दिलं गेलं अभ्यासाच्या ओझ्याचं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे म्हणे. पण दहावीनंतर कॉमर्सला किंवा आर्ट्सला जाणाऱ्या मुलांनी ती कुठे शिकायची? अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. आमच्या नातेवाइकांत त्यावर चकार शब्द निघाला नाही.

मी टेनेसीत कम्युनिटी कॉलेजला बायोलॉजी शिकवतो. याच राज्यात, डेटनमध्ये, १९२५ साली उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला आणि तशी बंदी घालणारा कायदा १९६७ पर्यंत टिकला. माझी निम्मी मुलं बुधवारी संध्याकाळी चर्चच्या यूथ ग्रुपला असतात. पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असं मानणारी दर सेमिस्टरला भेटतात. पहिल्याच तासाला मी सांगतो: तुम्ही काय मानावं हे मी ठरवणार नाही. पुरावा कोणता आणि त्यावरून शास्त्रज्ञ या निष्कर्षाला कसे आले, हे मात्र समजलंच पाहिजे, मार्क त्यालाच. उत्क्रांतीचे मोठे अभ्यासक डॉबझान्स्की आणि मानवी जीनोम प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रान्सिस कॉलिन्स, दोघेही श्रद्धाळू ख्रिश्चन, हेही सांगतो.

मग गुणसूत्रं काढतो. चिंपांझीत २४ जोड्या, माणसात २३. एक जोडी गेली कुठे? आपलं दुसरं गुणसूत्र दोन गुणसूत्रं जुळून झालंय, आणि एरवी टोकाला सापडणारी डीएनएची रचना त्याच्या मधोमध सापडते. यावर एक मुलगा ऑफिस अवर्समध्ये तासभर वाद घालत बसला. शेवटपर्यंत पटलं नाही त्याला, पण उत्तर त्याने अचूक लिहिलं. खरं काय, याची त्याला काळजी आहे. 'हो हो, आमच्यात आहेच ते' म्हणून विषय मिटवणाऱ्यांपेक्षा मला तो जवळचा वाटतो. दशावतारात नैसर्गिक निवड कुठे आहे? कथा म्हणून ते मला प्रिय आहेत, पण त्यांच्या आडोशाने धडा शिकायचं टाळता येत नाही.

मला सर्वांत जास्त लागतं ते देवमाशांच्या तासाला. जमिनीवरचा प्राणी समुद्रात कसा गेला, हे दाखवायला इथल्या प्रत्येक वर्गाला आपल्या उपखंडाचे जीवाश्म लागतात. कच्छमधला कच्छीसिटस हा प्राचीन देवमासा. जम्मूच्या कालाकोटचा इंडोह्यूस हा हरणासारखा छोटा प्राणी, ज्याचे जीवाश्म असलेले दगड भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केले होते. त्यातल्या एका कवटीतली कानाची ठेवण देवमाशासारखी असल्याचं २००७ मध्ये जाहीर झालं. टेनेसीतल्या मुलांना मी कच्छ नकाशावर दाखवतो. तिकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र हा विषयच गेला.

"तुमच्या धर्मात याचा त्रास होतो का?" असं मुलं विचारतात. पूर्वी मी अभिमानाने "नाही" म्हणायचो. आता तो शब्द जड जातो. इथे मी बायबल न मानणारा परका, आणि घरी काही बोललो की "तुला काय, तू तिकडे". तरी राग मला तिकडचाच येतो, इथल्या मुलांचा येत नाही. माझं कोण आणि कुठलं, याचं उत्तर बहुधा त्या रागातच आहे.

आपल्या राज्य मंडळाचं दहावीचं विज्ञानाचं पुस्तक २०१८ साली आलं. त्याच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. सीबीएसईत शिकणाऱ्या भाचीला मी तो पाठवला. तिचा पहिला प्रश्न आला: "मामा, मग पहिला माणूस कोण?" असा एक पहिला माणूस नसतोच, बदल पिढ्यान्‌पिढ्या सगळ्या समूहात होत जातो, हे तिला अजून मान्य नाही. दर रविवारी आमचा फोनवर वाद चालू आहे.