‘खात्री पटली की माणूस गृहीत धरतो’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

जोडीदाराला आपल्यासोबत राहायचंय असं ज्याला जाणवतं, तो भांडणातही सांभाळून बोलतो, दोन पावलं मागे येतो, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं, घडतं याच्या उलट. तुम्ही तुमच्या मावशीचं उदाहरण दिलंत: ती कुठे जाणार नाही हे काकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते तिला गृहीत धरत राहिले. आणि असे लेख शेवटी बाईलाच ‘अजून थोडं सोस’ म्हणून सांगतात.

काकांना खात्री होती, हे खरंच. पण कशाची? मावशींना जायला जागा नाही, याची. मी लिहिलं ते दुसऱ्या खात्रीबद्दल: जाता येत असूनही ही माझ्यासोबत आहे. लेखात हा फरक यायला हवा होता, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

या विषयात कॅरिल रस्बुल्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम पायाभूत मानतात. त्यांच्या मते बांधिलकी तीन गोष्टींतून येते: नात्यातलं समाधान, नात्याबाहेर उपलब्ध असलेले पर्याय, आणि आजवर त्यात घातलेलं सगळं, म्हणजे वर्षं, मुलं, घर, सामाईक माणसं. म्हणजे समाधान जवळपास नसतानाही माणूस घट्ट बांधलेला राहू शकतो. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या आणि विवाहित अशा दोन्ही प्रकारच्या जोडप्यांचा अभ्यास करून एक साखळी दाखवली. एकजण स्वतःची सोय बाजूला ठेवून नात्यासाठी काही करतो, दुसऱ्याला ते दिसतं, त्याचा विश्वास बसतो, विश्वास बसला की तो अधिक विसंबतो, आणि मग तोही तसंच वागू लागतो. माझ्या मते यातलं ‘दिसणं’ निर्णायक आहे. मावशींनी जे केलं ते काकांना त्याग म्हणून दिसलंच नसेल. त्यांच्या लेखी ते तिचं कामच होतं. तिथे साखळी पहिल्याच कडीला तुटते.

आणखी एक. २००६ साली झीमेना अरियागा आणि सहकाऱ्यांना आढळलं की जोडीदाराच्या बांधिलकीबद्दलची जाणीव सतत वरखाली होत राहिली, तर ते नातं पुढे तुटण्याची शक्यता वाढते. मग ती जाणीव सरासरीने बरी का असेना. हा अभ्यास लग्नाआधीच्या नात्यांचा आहे, तो ठरवून केलेल्या लग्नाला जसाच्या तसा लावणार नाही. पण आज गोड, उद्या अबोला, परवा ‘जा माहेरी’ अशा घरात माणूस जवळ यायलाच का घाबरतो, ते त्यातून कळतं.

आता सोसण्याबद्दल. याच रस्बुल्टबाईंनी जॉन मार्ट्झ यांच्यासोबत १९९५ साली मारहाणीमुळे आश्रयगृहात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्यांच्याकडे पैशाचे, आधाराचे पर्याय कमी होते आणि ज्यांचं नात्यात बरंच काही गुंतलं होतं, त्या परत त्याच माणसाकडे जाण्याची शक्यता जास्त होती. म्हणून बांधिलकीला मी सद्गुण म्हणत नाही. मारहाण होत असेल तिथे समजूतदारपणा शिकवणं हा अन्याय आहे. तिथे वाढवायचे ते पर्याय. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १७ स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क देतं, घर तिच्या नावावर नसलं तरीही. अशी कुणी तुमच्या ओळखीत असेल तर तिला माझा लेख पाठवू नका, याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घेऊन जा.