मावशींच्या रजेचं काय?

माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. वेणी, अंघोळ, पाळीचे दिवस, सगळ्याला तिला कुणीतरी लागतं. आई गेल्यापासून ती पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत राहते. तिथे तिचं सगळं मावशी करतात. कागदोपत्री 'काळजीवाहक'.

गेल्या महिन्यात भेटायला गेले, तर मावशींच्या मनगटाच्या वर दातांची अर्धगोल खूण होती, कडेने पिवळी पडलेली. म्हणाल्या, "मुद्दाम नाही चावली हो ती. दाढ दुखत होती, सांगता येईना बिचारीला." डॉक्टरांना दाखवलंत का? "हळद लावली."

पावसाळ्यात तिथली एक मुलगी फिट येऊन गेली. (वय चाळीसच्या पुढे, पण तिथे सगळ्या मुलीच.) आम्ही पालक तिच्या आईवडिलांना भेटून आलो. नऊ वर्षं तिला भरवणाऱ्या मावशींना मात्र कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. तिचे कपडे दुसऱ्या मुलींना द्यायचे होते, म्हणून त्यांवरचं दोऱ्याने घातलेलं नाव उसवायचं काम मावशींकडेच आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा ड्युटी.

आपण त्यांना म्हणतो, "किती पुण्याचं काम करता!" मला आता हे वाक्य ऐकवत नाही. पुण्याने कंबरदुखी थांबत नाही. दाढ दुखतेय हे न बोलणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरून ओळखायला माणूस ताजं लागतं, झोप झालेलं लागतं.

बहिणीला 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण आहे. मावशींना काय आहे? पगार २१ हजारांच्या आत असेल आणि संस्था कायद्याच्या कक्षेत येत असेल, तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. आपल्यापैकी किती पालकांनी हे कधी विचारलंय? दिव्यांग कल्याण आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. मुलींच्या प्रमाणपत्रासाठी, अनुदानासाठी आपण किती अर्ज करतो. एक अर्ज यांच्यासाठीही करू या.

आणि सगळ्यात आधी बदली माणूस हवं. हक्काची रजा रजिस्टरवर आहे, पण मागे बघणारं कुणी नसेल तर ती घ्यायची कशी? मावशी भाचीच्या लग्नाला हळदीला गेल्या नाहीत, अक्षता टाकून संध्याकाळी परत आल्या.

येत्या रविवारी पालकसभा आहे. बदली काळजीवाहकासाठी दरमहा पाचशे रुपये जादा द्यायचे, हा विषय मी लेखी दिलाय. मागच्या वर्षी तो निघाला तेव्हा बहुतेकांनी नको म्हटलं होतं, आणि मी गप्प बसले होते.