कर्ज माफ करावं, पण तत्त्वतः

गरीब देशांचं कर्ज माफ करून नाव कमवावं असं तुमच्या मनात आलं असेल, तर आधी अभिनंदन. पुण्य लागतं, आणि बेताने केलंत तर पदरचं फारसं जातही नाही. मात्र हे भाबड्या माणसाचं काम नव्हे. आपल्याकडे 2017 साली 'सरसकट', 'तत्त्वतः' आणि 'निकषांसह' हे तिन्ही शब्द एकाच कर्जमाफीत सुखाने नांदले, त्यामुळे मराठी माणसाचा निम्मा अभ्यासक्रम झालेलाच आहे. उरलेला निम्मा आफ्रिकेतल्या झांबिया देशाकडे बघून पुरा करावा.

कर्ज दिलंत की त्याचा कागद जपा. 1979 साली रुमानियाने झांबियाला ट्रॅक्टर वगैरे शेतीची यंत्रं उधारीवर दिली. झांबियाचा सगळा संसार तांब्यावर. तांब्याचा भाव बसला, हप्ते थकले. ते ट्रॅक्टर केव्हाच भंगारात गेले असतील, पण कागद गंजत नाही. व्याजासकट तो सुमारे 3 कोटी डॉलरचा झाला, तेव्हा 1999 मध्ये डोनेगल इंटरनॅशनल नावाच्या कंपनीने तो साधारण 33 लाख डॉलरना विकत घेतला. कंपनी नोंदलेली ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर. तिने ना ट्रॅक्टर बनवला, ना विकला, ना चालवला.

मग 2005 मध्ये बड्या देशांनी झांबियाचं बरंचसं कर्ज माफ केलं आणि तिथल्या तिजोरीत चार पैसे दिसू लागले. तिजोरीत पैसे दिसले की दारात कोण उभं राहतं, हे तुम्हाला सांगायला नको. डोनेगलने लंडनच्या कोर्टात साडेपाच कोटी डॉलर मागितले. न्यायाधीशांना कंपनीच्या साक्षीत उडवाउडवी आणि खोटेपणाही दिसला, तसं त्यांनी निकालात म्हटलंही. आणि 2007 मध्ये दीड कोटीच्या आसपास रक्कम द्यायला लावली. 33 लाखांचे दीड कोटी! एवढं भिशीतसुद्धा सुटत नाही.

पुढे 2010 मध्ये ब्रिटनने असल्या दाव्यांना कायद्याने वेसण घातली. निराश होऊ नका, न्यूयॉर्कची कोर्टं आहेत.

आता अटी. माफी लगेच दिली तर ऋणकोला तिची किंमत कळत नाही, म्हणून त्याला उंबरठ्यावर ताटकळत ठेवावं. झांबियाने 'निर्णयबिंदू' (म्हणजे माफी तत्त्वतः मंजूर) गाठला डिसेंबर 2000 मध्ये आणि 'पूर्णत्वबिंदू' (म्हणजे माफी पक्की) एप्रिल 2005 मध्ये. बिंदू दोनच, पण मधली रेघ सव्वाचार वर्षांची. त्या रेघेवर सरकारी बँक विकायला काढा, पगाराचा खर्च आवरा, असं बरंच काही लिहिलेलं होतं. पगाराला मर्यादा म्हणून नोकरभरती बंद. म्हणजे वर्गात दाटीवाटीने बसलेली, मास्तर नसलेली पोरं. आणि प्रमाणपत्र ट्रंकेत घालून घरी बसलेले हजारो शिकलेसवरलेले मास्तर. दोघांची गाठ पडू न देणं याला आर्थिक शिस्त म्हणतात.

एक धोका सांगून ठेवतो. माफीचा कधीकधी खरंच उपयोग होतो. 2006 मध्ये झांबियाने खेड्यांतल्या सरकारी दवाखान्यांची फी बंद केली. असं काही घडलं की लगेच भ्रष्टाचाराचा विषय काढावा.

नुसती मदतच द्यायची असेल तर ती शक्यतो घरातच द्या. ब्रिटनने 2022 मध्ये परदेशी मदतीच्या पैशातला चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा ब्रिटनमध्येच, आश्रयाला आलेल्या लोकांवर खर्च केला. नियमात बसतं. अमेरिकेने भुकेल्यांना धान्य पाठवलं, तर त्यातलं निदान निम्मं अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच जावं असा तिथला कायदा. भुकेल्याला घास मिळतो आणि जहाजवाल्याला भाडं. आधी कोणाला मिळतं, ते विचारू नये.

एखादा आगाऊ माणूस 1953 चं लंडन उकरून काढील. युद्ध हरलेल्या जर्मनीचं जवळजवळ निम्मं कर्ज तेव्हा धनकोंनी सोडून दिलं, उरलेल्याचे हप्ते झेपतील असे बांधून दिले. सोडणाऱ्यांत ग्रीसही होता. ही सवलत झांबियाला का नाही, असं त्याने विचारलं तर तेव्हाची परिस्थिती वेगळी होती म्हणावं. कशी वेगळी, ते सांगत बसू नये.

आणि शेवटी, घाई करू नका. नव्या कर्जाचे हप्ते थकवून झांबियाने नोव्हेंबर 2020 मध्ये हात वर केले. असल्या कर्जांची फेरबांधणी करायला जी-20 या बड्या देशांच्या गटाची खास नवी चौकट तयारच होती. त्या चौकटीत बसून सरकारी धनकोंचं 6.3 अब्ज डॉलरच्या कर्जाच्या फेरबांधणीवर एकमत झालं जून 2023 मध्ये, पॅरिसला. मग रोखेधारकांशी, म्हणजे झांबियाचे कर्जरोखे घेतलेल्या खासगी गुंतवणूकदारांशी, बोलणी जमली, तर सरकारी धनको अडून बसले: आम्ही जास्त सोडलं, यांनी कमी का? भाऊबंदकीत बांधावरून चालतं तसं सगळं. हे चाललेलं असतानाच 2024 च्या फेब्रुवारीअखेर तिकडे राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. पाऊस गेला होता, मका शेतात उभा वाळला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये रोख्यांचा करार एकदाचा झाला. त्यातलं एक कलम तुम्ही पाठच करा: देशाची परिस्थिती ठरल्यापेक्षा सुधारली तर काही रोख्यांचे पैसे लवकर आणि जास्त द्यायचे. आणि पाऊस पुन्हा पडला नाही तर काय, असं बैठकीत कोणी विचारलंच, तर चहा मागवा.