‘कव्हरस्लिपवर पडदा बसलाच नाही’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत, की आमच्या ‘धुऊन तयार’ कव्हरस्लिपांवर (सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचांवर) लिपिडचा, म्हणजे पेशीच्या आवरणात असतात तशा स्निग्ध रेणूंचा, पडदा बसलाच नाही, सूक्ष्मदर्शकाखाली नुसते चमकते ठिपके दिसले, दोन आठवडे गेले, माल हलका आहे, आणि फोन केला तर ‘काच काचच असते’ असं उत्तर मिळालं.

त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. ते चुकीचं तर आहेच, पण मिरजेहून सांगलीला येऊन माल नेणाऱ्या माणसाशी असं बोलणं आमच्या दुकानाला शोभत नाही.

तुम्ही परत दिलेल्या बॉक्समधली एक कव्हरस्लिप काल काउंटरवर ठेवून तिच्यावर डिस्टिल्ड वॉटरचा थेंब सोडला. अळवाच्या पानावर बसतो तितका गोल नव्हता, पण फुगून जागीच बसला. दुसरी डिटर्जंटने चोळून भरपूर पाण्याखाली धरली आणि मग थेंब टाकला, तर तो चपटा होऊन कडेपर्यंत गेला. म्हणजे काच हलकी नाही, हे मला ठामपणे म्हणायचंय. तिच्यावर हवेतला तेलकट अंश बसला होता. स्वच्छ काच हवेत राहिली की तिची पाण्याची ओढ हळूहळू कमी होते, आणि आमच्याकडे तो बॉक्स धुतल्यावर आठ दिवस प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता. चूक आमची.

तुमचे ठिपके त्यातूनच आले असं मला वाटतं. पाण्यात सोडलेल्या, लिपिडच्या शंभरेक नॅनोमीटरच्या सूक्ष्म पिशव्या पाणी धरणाऱ्या काचेवर चिकटतात, दबतात, फुटतात आणि एकमेकींना जोडून जेमतेम 4 ते 5 नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर पसरतो. खाली नॅनोमीटरभर पाणी राहतं, म्हणून तो थर सरकता असतो. ब्रायन आणि मॅककॉनेल या संशोधकांनी 1984 साली असाच पडदा काचेवर बसवला होता. काच अर्धवट तेलकट असेल तर पिशव्या चिकटतात पण फुटत नाहीत. म्हणून, चमकता रंग मिसळलेल्या लिपिडचा जो भाग तुम्ही तपासणीसाठी प्रखर प्रकाशाने काळा केलात, तो शेजारचं रंगीत लिपिड सरकून येऊन पुन्हा उजळला नाही. तिथे सरकायला सलग थरच नव्हता. काच पूर्ण पाणी झटकणारी, म्हणजे सिलेन नावाचं रसायन लावलेली असती, तर लिपिडच्या रेणूंच्या तेलकट शेपट्या काचेकडे करून एकच थर बसला असता. काही जण तशी मुद्दाम मागवतात.

तपमानाचा दोष तुमच्याकडे नाही. डीपीपीसी नावाचं लिपिड 41 अंश सेल्सिअसखाली घट्ट राहतं, पण तुम्ही अंड्याचं लेसिथिन (अंड्यातून काढलेलं लिपिड) वापरलंय. ते खोलीच्या तपमानाला प्रवाहीच असतं.

‘धुऊन तयार’ हा शिक्का आजपासून काढलाय. त्या जागी धुतल्याची तारीख आणि ‘वापरण्याआधी पुन्हा साफ करा’ एवढंच असेल. तुमच्या विभागात काच साफ करणारं यूव्ही-ओझोन किंवा प्लाझ्मा यंत्र असेल तर काच धुतल्यावर त्यात ठेवा आणि तासाभरात लिपिडच्या पिशव्या सोडा. पिरान्हा (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जहाल मिश्रण) आम्ही कुणालाच सुचवत नाही, भाजलेले हात पाहिलेत. काचेवर तोंडाची वाफ सोडून बघा: धुरकट डाग उठला तर काच अजून तयार नाही.

बिलाचे पैसे परत करतोय, शिवाय एक नवा बॉक्स विश्रामबागच्या दुकानात तुमच्या नावाने काढून ठेवलाय. बिल हरवलं असलं तरी चालेल.